तळमजला हवा, पण पुराच्या वरचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या सत्कारांचे फोटो आपल्या दैनिकात पाहिले आणि तेव्हाच ठरवलं, आपल्याला लिहायचं. त्या दिवशी मी चिपळुणात आई-बाबांसाठी खोली बघत फिरत होते. श्रावणापासून बघितलेली ती अकरावी खोली. तीही जमली नाही. जिना होता, बाहेरचा, लोखंडी, एका बाजूला कठडा नसलेला.

आमचं घर गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत. रस्ता वर राहिला आणि वाडी खाली. मधे चिऱ्याची पाखाडी, बावन्न पायऱ्या. बाबा ८१ वर्षांचे, आई ७६. बाबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, वर्षभर वाट बघून ते गावी परतले ते कायमचे. थोडी भातशेती, हापूसची बारा कलमं, एवढ्यावर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. पेन्शन नाही.

वाडीत बावीस घरं आहेत, त्यातली तेरा बंद. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, मग पुन्हा कुलूप. यातल्या सात घरांच्या चाव्या आमच्या माजघरातल्या एका खिळ्याला असतात. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी, कारण बाबांना आता चावीवरची अक्षरं दिसत नाहीत. लाल चिंधी खालच्या घराची, हिरवी देवळाशेजारच्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ते एकेक घर उघडायचे, वारा खेळवायचे, वानरांनी कौलं फोडली असतील तर खाली टोप ठेवायचे आणि मुंबईला फोन करून कळवायचे. कोणी सांगितलं म्हणून नाही. बंद घर कुजतं, ते त्यांना बघवत नाही.

आषाढात आई मागीलदारी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. पाऊस असा, की पाखाडीवर शेवाळ धरलेलं. ॲम्ब्युलन्स वर रस्त्याला येऊन उभी राहिली आणि आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, पंच्याने बांधून चौघांनी वर चढवलं. त्या चौघांतले दोघे साठीच्या पुढचे होते. वाडीत त्या दिवशी तेवढीच माणसं होती. मधे तीन वेळा खुर्ची टेकावी लागली. आई ओरडली नाही, पदर तोंडात धरून बसली होती, असं शेजारच्या वहिनींनी मला नंतर सांगितलं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड तिचं काढलेलं होतं, त्यावर मोठा खर्च भागला. हे मुद्दाम लिहिते, कारण जे मिळालं ते मिळालं म्हणायला हवं. ज्येष्ठांसाठीच्या वयोश्री योजनेचे एकरकमी तीन हजार बाबांना आधीच आले होते, त्यातून वॉकर आणि कमोडची खुर्ची घेतली. पण डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद. निदान सहा महिने, कदाचित कायमच्या. म्हणजे वाडी बंद.

मी चिपळुणात एका पतसंस्थेत नोकरी करते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन खोल्यांत आम्ही चौघं आणि सासूबाई. भाऊ नालासोपाऱ्याला, वन रूम किचन. तो पंधरा दिवस रजा काढून येऊन राहिला, त्यानंतर त्याला जावंच लागलं. तेव्हा आई-बाबांना माझ्याजवळ, पण तळमजल्यावर एक खोली भाड्याने घ्यायची, हा साधा सरळ विचार होता.

चिपळुणात तळमजला म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शीव नदी शहरात शिरली की तळमजला पहिला जातो. त्यामुळे बाजारपेठेच्या बाजूला तळमजल्याच्या खोल्या स्वस्त आहेत आणि वरचे मजले महाग. ज्याचे गुडघे चांगले आहेत त्याला वर राहता येतं. ज्याला पायरी चढता येत नाही त्याच्या वाट्याला पाणी. पूररेषेच्या वरची, उंचावरची आणि तरी सपाट, अशी एक खोली मला तीन महिन्यांत परवडेल त्या भाड्यात मिळाली नाही.

आणि जिथे खोली होती तिथे माणसं नको होती. एक घरमालक म्हणाले, रात्री-बेरात्री काही झालं तर आम्ही कुठे धावायचं? दुसरीकडे कमोड बसवायचा म्हटल्यावर लाद्या फुटतील म्हणून नकार. एका बाईंनी चहा दिला, आईची सगळी चौकशी केली आणि निघताना हळू आवाजात सांगितलं, घरात मयत झाली की पुढे भाडेकरू येत नाही गं. त्या वाईट नव्हत्या. त्यांचंही पोट त्या भाड्यावर आहे. पण तो जिना उतरताना मला रडू आवरलं नाही.

तोवर आई-बाबांना कुठेतरी ठेवायला हवं म्हणून श्रावणाच्या सुरुवातीलाच जी घेतली, ती खोली पुराच्या पट्ट्यातली आहे. भाडं साडेसहा हजार, अनामत पंचवीस हजार, करार अकरा महिन्यांचा. भिंतीला नवा रंग दिलाय, पण त्याखालून २०२१च्या पाण्याची पिवळट रेघ दिसते. बाबा पहिल्या दिवशी त्या रेघेखाली उभे राहिले. रेघ त्यांच्या डोक्याच्या हातभर वर. ते काही बोलले नाहीत, फक्त आईची खाट त्या भिंतीपासून सरकवून घेतली. जसं काही पाणी त्याच भिंतीतून येणार होतं. श्रावण-भाद्रपदात पाऊस लागला की मी आणि माझे यजमान रात्री तिथे जाऊन झोपायचो, आईला वरच्या बिऱ्हाडात उचलून नेता यावं म्हणून. वरच्या मंडळींनी दार उघडं ठेवण्याचं कबूल केलं होतं आणि ते शब्दाला जागले.

दिवसा आईजवळ एक बाई असतात, रोजचे पाचशे रुपये. महिन्याचे पंधरा हजार. माझा पगार साडेसोळा. हिशेब इथेच संपतो. भाऊ पाठवतो त्यातून भाडं आणि औषधं जातात. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार तरी मिळावेत म्हणून पाहिलं, तर उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. बारा कलमं असलेला माणूस त्यात बसत नाही. त्या कलमांवर गेल्या दोन वर्षांत फवारणीचा खर्चही निघाला नाही, हे दाखल्यावर कुठे लिहायचं?

ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वृद्धाश्रमांची माहिती दिली. दोन ठिकाणी मी जाऊन आले. जागा स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती. पण एक ठिकाण महिना पंधरा हजार माणशी आणि दुसरीकडे स्वतःचं स्वतः करू शकणारी माणसंच घेतात. आई वॉकरवर आहे. बाबांना घेतील, आईला नाही. साठ वर्षांचा संसार असा दोन ठिकाणी करायचा का?

माझं म्हणणं इथे आहे. आई-वडिलांचा निर्वाह आणि ज्येष्ठ नागरिकांचं कल्याण यासाठीचा २००७चा कायदा मी वाचला. न विचारणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळतो. ज्यांना घराबाहेर काढलंय त्यांच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. पण आमच्या घरात कोणी कोणाला टाकलेलं नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, जावई आहे, करायची इच्छा आहे. नाही ती जागा. अशा घरांसाठी कायद्यात काय आहे? कलम १९मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, निदान दीडशे निराधारांसाठी, असं म्हटलंय. रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेला. मंडणगडच्या म्हातारीला राजापुरात ठेवलं तर भेटायला जाणाऱ्याचा दिवस एसटीत जाणार. आणि माझे आई-बाबा निराधार नाहीत, त्यामुळे ते त्यातही नाहीत. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले, रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे. चांगले नियम आहेत. ते घर विकत घेऊ शकणाऱ्यांच्या कामाचे.

कोकणात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा आधी आलाय. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. तरुण गेले, म्हातारे राहिले. चाकरमान्यांच्या पैशावर गाव चाललं हे खरं, पण मनिऑर्डर आईला पाखाडी चढवत नाही. आणि घरं तर ओस पडलीत! ती मोकळी का नाहीत, तर सातबारा सामायिक. आमच्याच घरठाणावर सतरा नावं आहेत, त्यातली पाच माणसं हयात नाहीत. रस्त्याला लागून आमची सामायिक जागा आहे, तिथे दोन सपाट खोल्या बांधल्या तर सगळं सुटेल. बाबांनी सगळ्या भाऊबंदांना फोन केले. नाही कोणीच म्हणालं नाही. पण सही करायला कोणी आलंही नाही.

तेव्हा माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. प्रत्येक तालुक्याच्या मुख्य गावी, चिपळूण, गुहागर, दापोली, लांजा, राजापूर, जिथे असेल तिथे, सरकारी किंवा नगरपरिषदेच्या जागेवर दहा-वीस खोल्या हव्यात. सपाट, पुराच्या वर, दवाखान्याच्या जवळ, उत्पन्नाप्रमाणे भाडं, जोडप्याला एकत्र राहता येईल अशा. रात्री एक माणूस जागा असला पुरे. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत निघते तेव्हा बहुतेक घरं ठाणे, विरार, कल्याणकडची असतात. त्याच मंडळाच्या नावातल्या कोकणात भाड्याच्या अशा चार खोल्या बांधता येणार नाहीत का?

आणि ज्यांना गाव सोडायचंच नाही त्यांच्यासाठी शाळा आहेत. मुलं नाहीत म्हणून जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा बंद पडल्या. शाळा बहुधा रस्त्यालगत असते, सपाट असते, मतदान केंद्र म्हणून तिला रॅम्पसुद्धा बांधलेला असतो. तिथे दिवसभराचं केंद्र काढा. दुपारचं जेवण, रक्तदाब बघायला आठवड्यातून एकदा नर्स, बसायला चार बाकडी. बचत गटातल्या बायकांना शिकवून तयार केलं आणि मानधन दिलं तर त्या हे उत्तम करतील. आशाताईंवर आधीच भार फार आहे, आणखी एक काम त्यांच्या पिशवीत टाकू नका. सामायिक जागेसाठीही एक सोय व्हावी. साठीपुढचा सहहिस्सेदार स्वतः राहण्यापुरत्या दोन खोल्या बांधत असेल, तर सतरा सह्यांऐवजी ग्रामसभेपुढे हरकती मागवून परवानगी मिळावी. हक्क कोणाचाही जायला नको, फक्त म्हाताऱ्यांना थांबायला वेळ नाही.

बाबा मला दर दोन दिवसांनी विचारतात, "बाय, घरी कधी जायचं?" गेल्या रविवारी मी एकटी वाडीत जाऊन आले. सातही घरं उघडली, झाडली, पुन्हा कुलपं लावली. हिरव्या चिंधीची चावी गंजून कुलपात अडकली होती, खोबरेल घातल्यावर फिरली. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, खिळ्यालाच ठेव, आणू नको इकडे.

करार जूनमध्ये संपतोय, पावसाच्या तोंडावर. चिपळूण परिसरात पूररेषेच्या वर, तळमजल्यावरची, म्हाताऱ्या जोडप्याला देण्याजोगी खोली कोणाकडे असेल तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं, अशी आपल्या वाचकांना विनंती आहे. मला एक पुरे. पण माझ्यासारखी अजून तीन घरं मला पतसंस्थेच्या खिडकीवर भेटली आहेत, तेव्हा जास्त असतील तर त्याही कळवाव्यात.

आपली नम्र,
एक वाचक, चिपळूण
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)