सड्यावर न्यायचा लॅपटॉप

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तिन्ही लॅपटॉपची माहिती काल रात्री क्लास सुटल्यावर निवांत वाचली. फोनवर सांगता आलं असतं, पण आकडे बोलता बोलता निसटतात, आणि दुकानात उभी असशील तेव्हा हाताशी लिहिलेलं असलेलं बरं.

आधी माझं मत सांगते. पडदा १४ इंची घे, तोही रुंदी-उंचीच्या १६:१० प्रमाणातला. मेमरी, म्हणजे रॅम, १६ जीबीच्या खाली मुळीच नको, आणि ओढाताण न करता जमत असेल तर ३२ घे. तुला ९९० ग्रॅमचा, ८ जीबीचा, १३.३ इंची लॅपटॉप आवडला आहे हे तुझ्या लिहिण्यावरून कळलं. तुझं काम पाहता तो घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

तुझा दिवस कसा जातो ते आता मला माहीत आहे. कातळशिल्पांच्या, म्हणजे कातळावर कोरलेल्या चित्रांच्या, रेषा उथळ. दुपारच्या उभ्या उन्हात सगळा जांभा सपाट दिसतो, तिरप्या प्रकाशातच त्या उठून येतात. म्हणून तुम्ही पहाटे आणि संध्याकाळी ड्रोन उडवता, आणि मधल्या वेळात सकाळचे फोटो तपासता. एखादा कोपरा सुटला असेल तर तो संध्याकाळच्या उड्डाणात धरायचा, नाहीतर पुन्हा तिथवर जायचं. २०२२ मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण तुम्ही ज्या अनाम सड्यांवर, कोकणातल्या त्या उघड्या कातळाच्या पठारांवर, फिरता तिथली नोंद पहिल्यांदाच होते आहे. म्हणजे लॅपटॉपला रोज करायचं काम हे: दोन उड्डाणांच्या मधल्या चार-पाच तासांत, विजेशिवाय, फोटो जुळवून भाग पूर्ण आला की नाही ते दाखवणं. पक्कं मॉडेल तुम्ही रत्नागिरीच्या ऑफिसातल्या डेस्कटॉपवर करताच. ते याच्याकडून मागायचंच नाही.

आता मेमरी. २० मेगापिक्सेलचा फोटो कार्डावर ८-१० एमबीचा दिसतो, कारण तो आवळून ठेवलेला असतो. उघडला की प्रत्येक बिंदूला ३ बाइट लागतात, म्हणजे तोच फोटो मेमरीत ६० एमबी जागा घेतो. सॉफ्टवेअर सगळे फोटो एकदम उघडत नाही हे खरं. तरी जुळवणी करताना फोटोंमधले हजारो खुणेचे बिंदू हाताशी ठेवावे लागतात, आणि शेजारी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा उघडा असतोच. आपल्या एमएस-सीआयटीच्या वर्गातल्या ८ जीबीच्या मशिनवर मी रोज बघते, विंडोज ११, अँटिव्हायरस आणि ब्राउझरच्या चार खिडक्या एवढ्यातच निम्मी मेमरी संपलेली असते. त्यातून हलक्या लॅपटॉपात बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यामुळे पडद्यावरचं चित्रही याच ८ जीबीतून आपला वाटा उचलतं.

मेमरी भरली तर लॅपटॉप बंद पडत नाही, म्हणून दुकानात हा फरक कळत नाही. तो जास्तीचा माल एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या जागेवर, टाकतो आणि लागेल तसा परत आणतो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी तिथून एखादी गोष्ट हाती यायला मेमरीच्या शेकडो पट वेळ लागतो. ओटा लहान असला की प्रत्येक भांड्यासाठी माळ्यावर चढावं लागतं, तसं होतं ते. वर ही ने-आण बॅटरी खाते आणि लॅपटॉप तापवते. सड्यावर मे महिन्यात तुझ्याकडे बॅटरीही मोजकी आणि हवाही तापलेली. वजनात वाचवलेले ग्रॅम वेळेत आणि चार्जमध्ये वसूल होतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. पातळ लॅपटॉपातली मेमरी बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली असते. त्यात वापरतात ती एलपीडीडीआर५ किंवा ५एक्स जातीची मेमरी कमी व्होल्टेजवर फार वेगात चालते, आणि त्यासाठी ती प्रोसेसरच्या अगदी लगत असावी लागते. यात बॅटरी वाचते, जाडी कमी होते, पण नंतर वाढवायची सोय उरत नाही. इंटेलच्या लुनार लेक प्रोसेसरमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजातच बसवलेली आहे, १६ किंवा ३२, घेताना घेतली तीच कायमची. बाबांच्या जुन्या लॅपटॉपात मी मागचं झाकण उघडून दुसरी पट्टी बसवली होती, ते तुला आठवत असेल. तसं यात होणार नाही. २०२४ मध्ये बदलता येणारी एलपीडीडीआर पट्टी आली आहे, एलपीकॅम२ नावाची, पण तू बघते आहेस त्या तिन्हींत ती नाही.

माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलं असेल तर वाढवता येणार नाही. 'एसओ-डिम' लिहिलं असेल तर पट्टी बसते, पण स्लॉट रिकामा आहे की भरलेला हे विचार. '८ ऑनबोर्ड अधिक १ स्लॉट' अशी जोडही मिळते. तुझा तिसरा, १५.६ इंची पर्याय तसाच आहे, आणि तो जाड आणि जड असण्याचं तेही एक कारण आहे. कुणी '५१२ मेमरी' म्हणालं तर ते एसएसडीबद्दल बोलत आहेत. मोबाइलसारखी 'व्हर्च्युअल रॅम' म्हणून कुणी आकडा वाढवून सांगितला तर तो सोडून दे. ती मी वर लिहिलेली माळ्यावरचीच जागा.

मेमरी महागली आहे हे मलाही दिसतं. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी इतकी वाढली की डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने आपला क्रुशल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्या वर्गात वर्षानुवर्षं त्याच पट्ट्या बसवल्या आहेत मी. अशा काळात ८ जीबीची किंमत मोहात पाडते. पण पैसे वाचवायचे तर जे पुढे बाहेरून जोडता येईल त्यात वाचव. एसएसडी १ टीबीऐवजी ५१२ जीबी घे, फोटो ठेवायला यूएसबी-सीची बाहेरची एसएसडी तशीही हवीच, कारण फोटोंची एकच प्रत घेऊन सड्यावरून उतरायचं नाही. टचस्क्रीन नको. २८८० बाय १८०० चा चकचकीत ओएलईडी पडदा सुंदर असतो, पण तुझ्या नकाशाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो बॅटरी जास्त खातो आणि उन्हात आरशासारखं तोंड दाखवतो. तो नको. एवढं सोडलंस तर मेमरीपुरते पैसे बरेचसे निघतील, उरलेले आम्ही घालू. त्यावर वाद घालू नकोस.

पडद्याचा इंच हा तिरका मोजतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून फसायला होतं. मी तिन्हींची लांबी-रुंदी काढून पाहिली. १३.३ इंची १६:९ पडदा साधारण २९.४ सेंमी रुंद आणि १६.६ सेंमी उंच. १४ इंची १६:१० पडदा ३०.२ सेंमी रुंद आणि १८.८ सेंमी उंच. रुंदीत सेंटिमीटरभरही फरक नाही, उंचीत सव्वादोन सेंमी मिळाली, आणि क्षेत्रफळ १६ टक्के वाढलं. आता १५.६ इंची १६:९ बघ: उंची १९.४ सेंमी. म्हणजे १४ इंचीपेक्षा जेमतेम ६ मिलिमीटर जास्त, आणि त्या बदल्यात रुंदी ३४.५ सेंमी. तुझं काम उंचीवर अडतं. क्यूजीआयएसमध्ये वर टूलबारच्या ओळी, खाली विंडोजची पट्टी, आणि तक्ता उघडला की नकाशाला मध्ये चिंचोळी फट उरते. १३.३ इंचीवर अक्षरं वाचता यावीत म्हणून स्केलिंग १५० टक्के करावं लागलं, तर १९२० बाय १०८० चा पडदा १२८० बाय ७२० एवढंच सामावतो. १४ इंचीवर १९२० बाय १२०० ला १२५ टक्के पुरतं, आणि १५३६ बाय ९६० एवढी जागा हाती येते. तुझा चष्म्याचा नंबर मागच्या वर्षी वाढलाय, तेव्हा डोळे ताणून बारीक अक्षरांशी झगडायचा विचारही करू नकोस.

१५.६ इंचीचं सुख ऑफिसात, आणि तिथे तुला मोठा मॉनिटर आहे, एका केबलीने जोडता येतो. जनशताब्दीच्या खुर्चीपुढच्या फळीवर मात्र तो धड मावत नाही, आणि पुढच्याने पाठ मागे टाकली की झाकण दाबलं जातं. एस.टी.त तर मांडीशिवाय जागाच नाही.

तपासायचं आणखी एक म्हणजे पडद्याचा उजेड, निट्समध्ये लिहिलेला असतो. २५० किंवा ३०० असेल तर सावलीतही चाचपडशील. ४०० च्या पुढचा आणि मॅट बघ. भर उन्हात ५०० निट्सही अपुरे पडतात, तेव्हा जीपमध्ये किंवा छत्रीखाली बसूनच तपासायचं. ते लॅपटॉपसाठी नाही, तुझ्यासाठी सांगते आहे.

वजनाबद्दल. माहितीपत्रकात चार्जर धरलेला नसतो. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप घेतलास तर ६५ वॅटचा, 'गॅन' जातीचा लहान चार्जर पुरतो, तो शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि फोनही त्यावरच होतो. वेगळ्या गोल पिनेचा विटेएवढा चार्जर असेल तर हलक्या लॅपटॉपचा हलकेपणा तिथेच गेला. १४ इंचीत सव्वा किलोच्या आसपासचे चांगले पर्याय आहेत. मॅकबुक एअर १३.६ इंची साधारण सव्वा किलोचा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो १६ जीबीपासूनच सुरू होतो. पण त्याला पंखा नाही, आणि ॲपलच त्याला ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं. वर्गात बसून काम करणारीला मी तोच सुचवला असता. सड्यावर तासभर सलग फोटो जुळवायला पंखा असलेला बरा.

म्हणजे तुझ्या ९९० ग्रॅमवाल्यापेक्षा १४ इंची अडीचशे-तीनशे ग्रॅम जड पडेल, हे मला मान्य आहे. पण १५.६ इंचीच्या पावणेदोन किलोपेक्षा तो निदान ४५० ग्रॅमने हलका आहे, आणि त्या जागी सॅकमध्ये जवळजवळ अर्धा लिटर पाणी जास्त मावतं. तेवढं पाणी न्यायचंच, कारण सड्यावर ना झाड ना विहीर, आणि तू दुपारी प्यायचं विसरतेस हे तुझ्याबरोबरच्या मुलींनी मला सांगितलं आहे.

दुकानात गेलीस की समोरचा लॅपटॉप हातात घे, एका हाताने झाकण उघडतं का बघ, आणि पडद्याची उंची पट्टीने मोज. टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी किती आहे ते डोळ्यांनी बघ. एकाच नावाखाली ८, १६ आणि ३२ अशी वेगवेगळी मॉडेल्स विकतात, फरक फक्त लांबलचक मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत असतो. तो क्रमांक खोक्यावरून उतरवून मला पाठव. बिल करण्याआधी मी तो शब्दन् शब्द ताडून बघते. शनिवारी दुपारी तीननंतर क्लास नाही, तेव्हाच जा.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला असावा, नाहीतर वजन मागे ओढतं. सॅक जुनी झालीच आहे, ती इथून पाठवतो.