गॅलरीतल्या त्या चार ट्रेंबद्दल

प्रिय आई आणि बाबा,
सा. न.

उद्या गावाहून आल्यावर गॅलरीचं दार उघडाल तेव्हा आरडाओरडा नको, म्हणून हे पत्र फ्रिजला चिकटवून जातेय. तुळस जागेवरच आहे. कोरफड फक्त कपड्यांच्या स्टँडमागे सरकवली. तिच्या जागी बी पेरलेले चार ट्रे मांडलेत: मेथी, मोहरी, मुळा, धने. विचारलं नाही, कारण बाबा म्हणाले असते, "कशाला उगाच पसारा!"

खरं कारण वेगळंच आहे. एक तारखेपासून माझी ड्युटी बदलतेय, शनिवारची सुट्टी गेली. खारघरहून दर आठवड्याला भाजीची पिशवी घेऊन येणं आता जमणार नाही. हा बदल नाकारून बघितला, पण घराचे हप्ते तुम्हाला ठाऊक आहेत. महिन्यातून दोनदा नक्की येईन. आई, मागच्या खेपेला तुझ्या फ्रिजमध्ये अर्धा दुधी, बटाटे आणि पिवळी पडलेली कोथिंबीर होती. फोनवर मात्र "पालेभाजी केली होती की!" तुझे गुडघे आता जांभळी नाक्यापर्यंत जात नाहीत, हे मला कळत नाही का?

मायक्रोग्रीन्स म्हणतात याला. नावाला हसू नका. बी रुजून पहिली दोन पानं उघडली की कापून खायचं, एवढंच. घटाभोवतीचं धान्य मी पट्टीने मोजायचे आणि दसऱ्याला बाबा ते टोपीत खोचायचे, आठवतं? मला तर त्या ओल्या मातीचा वासही आठवतो. आणि तू आणायचीस ती वाळूतली बारीक मेथी, इवल्याशा जुड्यांची, ती याचीच सख्खी बहीण.

अमेरिकेत २०१२ साली मेरिलंड विद्यापीठ आणि तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी असे २५ प्रकार तपासले. वजनाला वजन धरलं तर बहुतेकांत जीवनसत्त्वं मोठ्या पानांपेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. पण मूठभर ते मूठभरच, त्याने भाजी सुटत नाही. फोडणीत घालू नकोस, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. पोहे, वरणभात, थालीपीठ, काहीही ताटात वाढून झालं की वरून भुरभुरायचं. मुळ्याचा झणका बाबांना आवडेल.

पण बाबा, तुम्ही थांबा. रक्त पातळ करायची तुमची गोळी वॉरफरिन आहे आणि हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व नेमकं तिच्या उलट काम करतं. पुढच्या आयएनआरला, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीला, जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तरी रोज तेवढंच खायचं, एक दिवस मूठभर आणि चार दिवस काही नाही, असं चालणार नाही. चोरून खाल्लंत तर आई मला सांगेल.

आता नीट ऐक, आई. ट्रेंवरचं झाकण सोमवारी काढ, मग उजेडात ठेव. पाणी सकाळ-संध्याकाळ फवारायचं, ओतायचं नाही. बाबांची इस्त्रीची बाटली त्यासाठीच घेतलीय. मुळ्याच्या मुळांशी पांढरी लव दिसली तर घाबरू नकोस, फवारल्यावर बसली तर ती मुळांचीच. बसली नाही, वास आला किंवा चिकट झालं, तर अख्खा ट्रे फेक, जीव तुटू देऊ नकोस. मेथी-मोहरी साधारण दहा दिवसांत कापायला येईल. धने मी रगडून पेरलेत, तरी ते आळशीच, दोन-तीन आठवडे घेतील. पुढच्या वेळी घरच्या डब्यातलीच मेथी-मोहरी पेर. बी-बियाण्याच्या दुकानातली रंगीत, औषध लावलेली बी आणायची नाही म्हणजे नाही.

हे सगळं जड वाटलं तर ठेवून दे, मी आले की बघेन. पण निदान मेथीचा ट्रे राहू दे.

कापायला तुझी शिवणाची कात्री घेऊ नकोस, मागचं रामायण पुरे झालं. नवीन लाल कात्री ओट्यावर, चहाच्या डब्यामागे ठेवलीय.

तुमची,
चिमी