माळ्यावरची बाळंतीण

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, सगळ्यांना पकडून घरात घे." पावसाचा आवाज इतका होता की नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

अरे, आपल्या माळ्यावर चार पिल्लं घेऊन राहिलेल्या त्या मांजरीला माणसाची सवयच नाही. मी ताटली ठेवून आत आले आणि दार ओढून घेतलं की मगच ती खाली उतरते. तिला कोंडलं तर धास्तीने ती अन्नाला तोंड लावणार नाही. तिचं पोट भरलं की चौघांचं भरतं, एवढं मी धरून चालले आहे. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी नाही, आणि सुकं खारवलेलं तिला चालत नाही. मग कोंबडी उकडायची, मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, तो मांजरांना बाधतो. जोडीला पिल्लांसाठी मिळतं ते तयार खाणं, तेच आईलाही चालतं. आता श्रावण लागला, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तरी तिची कोंबडी परसातल्या चुलीवर, वेगळ्या टोपात होतेच. लेकुरवाळीला उपास कसला!

आता त्या चौथीचं सांगते, तुला ते पूर्ण माहीत नाही. पिल्लं दहा-बारा दिवसांची असताना लाकडांच्या खोपीत पाणी शिरलं. मांजरीने मानेला धरून एकेक करत तीन पिल्लं माळ्यावर नेली. चौथी राहिली. मी खिडकीतून दोन तास बघत होते, ती परत आलीच नाही. पिल्लू हातात घेतलं तर गारठलेलं, डोळे नुकते किलकिले झालेले. शेकायच्या पिशवीला बाबांचं जुनं धोतर गुंडाळून त्यावर ठेवलं. ऊब आल्यावर गाईचं दूध पाणी घालून पाजलं, आणि तिथेच माझं चुकलं. रात्री जुलाब. सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर १९८ ग्रॅम, आदल्या दिवशी २१० होती. मला रडूच आलं.

डॉक्टरांनी सांगितलं, गाईचं दूध पिल्लांना पचत नाही, मांजरांच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते तीच द्या. पिल्लाला बाळासारखं उताणं धरायचं नाही, पालथंच ठेवून ड्रॉपरने थेंब थेंब, नाहीतर दूध छातीत जातं. अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हलकेच पुसायचं, तेव्हाच ती शू करते. एरवी हे काम आईची जीभ करते. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. बाबा गजर लावून उठत होते, विचार त्यांना.

तिसऱ्या दिवशी वजन २२५ झालं आणि मी तिला माळ्याच्या शिडीपाशी, धोतरासकट ठेवलं. आपल्याकडे म्हणतात ना, माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते? पाच मिनिटांत ती खाली आली, हुंगलं, चाटलं आणि उचलून वर गेली.

तुला एक पिल्लू पुण्याला न्यायचं आहे ना? गणपतीपर्यंत ती नऊ आठवड्यांची होतील, तोवर आईजवळच राहू देत. आत्ता मी रोज थोडा वेळ पायरीवर बसते, हात नुसता मांडीवर ठेवून. पिल्लं या वयातच माणसाला सरावतात. आई सरावणार नाही, तिला आपण तशीच राहू देऊ. मात्र पिल्लांचं दूध तुटलं की तिचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवलं आहे. जाळीदार टोपली तू घेऊन ये, इथे चांगली मिळत नाही. आणि आल्या आल्या माळ्यावर चढू नकोस.

चौथी तिरंगी आहे, म्हणजे ती भाटीच असणार, तिरंगी बोका क्वचितच. आज ताटलीत पुढचे दोन्ही पाय घालून जेवली. काट्यावर मुकाट बसते, बाकीची बसत नाहीत. ४६० ग्रॅम.

तुझी,
आई