नव्या कराराची यादी निकाया परिषदेने केली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकाया परिषदेला १७०० वर्षे झाली त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे बिशपांना एकत्र बसवून बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवायची ते ठरवले, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. माझ्या नातीने ते कात्रण माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "आजी, तू दर रविवारी चर्चमध्ये वाचतेस ते राजाच्या हुकमाने आलंय का?" मला फार लागले ते. तिला जे सांगितले तेच इथे लिहिते.

मी वसईची निवृत्त शिक्षिका. बावीस वर्षे रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दुसरे वाचन करते. हे वाचन पुष्कळदा बायबलच्या नव्या करारातल्या, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातल्या, पौल या सुरुवातीच्या प्रचारकाच्या पत्रातले असते, आणि ती अगदी खरीखुरी पत्रे होती. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण इ. स. ५० चे. करिंथमध्ये पौलाला गल्लियो या रोमन अधिकाऱ्यापुढे उभे केले होते, आणि गल्लियोचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फीला सापडला आहे, त्यावरून हा काळ बसवता येतो. तेव्हा येशूचे जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकही बहुधा लिहिले गेले नव्हते. त्या पत्राच्या शेवटी पौल बजावतो की हे सर्व बंधूंना वाचून दाखवा. दाखवा, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. रोमकरांच्या पत्रात तर लेखनिक तर्तियस मध्येच स्वतःचा नमस्कार सांगतो!

पत्रांचे कारणही रोजचे असे. करिंथमध्ये प्रभुभोजनाला काही जण आधीच जेवून घेत, काही उपाशी राहत, म्हणून पौल रागावून लिहितो. आपण धर्मग्रंथ लिहितो आहोत या भावनेने लिहिणारा माणूस असे लिहीत नाही.

शुभवर्तमाने नंतरची. मार्कचे साधारण इ. स. ७० च्या आसपासचे, म्हणजे यरुशलेमचे मंदिर रोमनांनी पाडले त्या सुमाराचे. येशूला पाहिलेली माणसे एकेक करून जात होती, तोंडी सांगितलेले टिकवायला हवे होते. लूक सुरुवातीलाच सांगतो की आपल्याआधी अनेकांनी हे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, आपण सगळे नीट तपासून क्रमाने लिहितो आहोत. योहान तर हेतू उघड सांगतो: तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिले आहे.

आता निकायाबद्दल. तिथे मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा होता: पुत्र म्हणजे येशू हा पित्याच्या, देवाच्या, बरोबरीचा की देवाने निर्माण केलेला. ईस्टरचा दिवस ठरला. परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात, त्यांत पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराची आज आपण वाचतो ती २७ पुस्तके नेमकी तशीच प्रथम दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या ईस्टरपत्रात, आणि त्यानंतरही सीरियन मंडळ्यांमध्ये प्रकटीकरणासारखी काही पुस्तके कित्येक वर्षे वाचली जात नव्हती. राजाचा हुकूम असता तर एवढा घोळ राहिला असता का?

मला सर्वांत बोलके वाटते ते मात्र निकायाच्या २२ वर्षे आधीचे एक सरकारी दप्तर. इ. स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला. त्या मे महिन्यात उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा गावी अधिकारी झडतीला आले. आधी एकच मोठे पुस्तक हाती लागले. बाकीची कुठे आहेत, असे विचारल्यावर उत्तर आले: वाचकांकडे, म्हणजे चर्चमध्ये वाचन करणाऱ्यांकडे, आहेत. मग अधिकारी वाचकांच्या घरोघरी फिरले. कुणाकडे पाच पुस्तके, कुणाकडे आठ. कोड्डिओ नावाचा वाचक घरी नव्हता, तर त्याच्या बायकोने सहा आणून दिली. अधिकाऱ्याने विचारले, आणखी आहेत का? ती म्हणाली, होती तेवढी दिली. तिचे नावही दप्तरात नाही. हे मी प्रथम वाचले तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून किती तरी वेळ बसून राहिले. कॉन्स्टंटाईनने बिशपांना जमवण्यापूर्वीच ही पुस्तके वाचकांच्या घरी होती, आणि राजसत्तेला ती जाळावीशी वाटत होती.

त्याहून मागे जायचे तर इ. स. १८० मध्ये कार्थेजच्या न्यायासनासमोर उभ्या केलेल्या स्पेरातुस या ख्रिस्ती माणसाला विचारले होते, तुझ्या पेटीत काय आहे? तो म्हणाला, पुस्तके आणि पौल या नीतिमान माणसाची पत्रे. त्या दिवशी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तलवारीने मारले.

कोणते पुस्तक कुणाच्या हातचे, कोणते उशिराचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ते जरूर छापा, आमच्या लोकांनीही ते वाचायला हवेत. बायबल एका दिवसात तयार होऊन हाती आले असे समजणारे आमच्यातही पुष्कळ आहेत. पण निकायाचे ते वाक्य चूक आहे. येत्या रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर त्याची दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे. नातीने कात्रण जपून ठेवले आहे, दुरुस्ती मी त्याला जोडून देईन.

आपली,
एक वाचक, वसई (जि. पालघर)