माझ्या कॅनव्हासला हात न लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

डच चित्रकार व्हर्मीरच्या 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग' या साधारण 1665 सालच्या चित्राची माझी प्रत आता आकाराला आली आहे आणि घरी येणारा प्रत्येक जण तिच्यातल्या मुलीच्या कानातल्या मोत्यापाशी थांबतो. म्हणून हे आभार चारचौघांत मानावेसे वाटले.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी नागपुरातल्याच एका वर्गात भरपूर फी भरून तैलरंग 'शिकत' होते. छापील चित्रावर चौकटी आखून रेषा उतरवायच्या, ट्यूबमधला रंग थेट लावायचा, आणि प्रदर्शन जवळ आले की मास्तरांनीच ब्रश घेऊन आमची चित्रे 'सुधारायची', अशी तिथली रीत होती. पालक खूश, मास्तर खूश, आणि चित्राखाली नाव आमचे! त्वचेचा रंग मळकट का होतो, असे विचारले की "सरावाने जमेल" एवढेच उत्तर मिळे.

आपण बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी नुसता छायाप्रकाश बसवून घेतलात. जवसाचे तेल वरच्या थरांसाठी राखायचे, कारण तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला की पुढे भेगा पडतात, हेही समजावलेत. आज काळी भासणारी पार्श्वभूमी मुळात हिरव्या पारदर्शक लेपाची होती, हे मला आपल्याकडूनच कळले.

मोती मात्र काही केल्या उजळेना. तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या खोलीत, खिडकीपाशी बसून आपण हार्डबोर्डच्या तुकड्यावर डावीकडे वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका ठेवलात, खाली कॉलरचे मऊ प्रतिबिंब ओढलेत, बाह्यरेषा काढलीच नाहीत, आणि मोती लटकू लागला. मी तो नीट पाहते न पाहते तोच आपण चिंधीने पुसून टाकलात. "माझा नको, व्हर्मीरचा बघ," म्हणालात आणि ब्रश माझ्या हाती दिलात.

ज्याचा हात इतका तयार आहे, त्याला शिष्याच्या चित्रावरून एकदा ब्रश फिरवण्याचा मोह आवरणे किती कठीण असेल! दुसऱ्याचे काम त्याचेच राहू देण्याचा हा सभ्यपणा शिकवणाऱ्यांतच काय, एकूणच माणसांत क्वचित आढळतो. फीचा विषय तर आपण दर वेळी चहावर नेऊन संपवलात.

येत्या रविवारी प्रत घेऊन येते. हनुवटीखालची सावली अजून जड वाटते. तेवढी पाहून सांगावी, पुसायची झाल्यास मीच पुसेन.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी