कारण नसलेल्या भीतीलाही दवाखान्यात जागा द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामीण रुग्णालयांत मानसोपचाराचा ठरलेला वार, औषधं आणि थोडा आडोसा मिळण्याबाबत.

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. हळदीचे सौदे, वजनं, शेतकऱ्याची पट्टी, व्यापाऱ्याची उधारी, एवढ्यात उमर गेली. मंत्र्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा भाषा अर्जासारखी झाली तर सांभाळून घ्या. अर्ज लिहायची सवय आहे, स्वतःबद्दल लिहायची नाही.

मागणी आधीच सांगतो, कारण पुढचं वाचायला आपल्याला वेळ मिळेलच असं नाही. तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसणार हे दारावर लिहिलेलं असावं आणि त्या वारी ते बसावेत. त्यांनी लिहून दिलेलं औषध तिथंच मिळावं. आणि आलेल्या माणसाला "तुम्हाला टेन्शन कसलं आहे?" या प्रश्नाचं उत्तर केसपेपरच्या रांगेत, मागच्या चौघांच्या देखत द्यायला लागू नये.

तिसरी मागणी आपल्याला किरकोळ वाटेल. माझ्या लेखी तीच सगळ्यात मोठी आहे, म्हणून पत्र लांबलं.

मला टेन्शन कसलंच नव्हतं. कर्ज फिटलेलं, मुलगा नोकरीला लागलेला, मुलगी शिकते आहे, मालक बरा आहे. ऐन हंगामात, सौदा चालू असताना, हळदीच्या ढिगाशेजारी उभा राहून वही लिहीत होतो आणि एकाएकी छातीत धडधडायला लागलं. तळहाताला घाम आला. पेन निसटलं. चारी बाजूंनी बोली चालू आहे आणि मला वाटतंय, आता आपण इथंच पडणार. पाच-दहा मिनिटांत ओसरलं. मग पुन्हा आलं, कधी एसटीत, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी पहाटे अंथरुणात, काही झालेलं नसताना. मधल्या वेळात पोटात गोळा तसाच. कुठंही बसलो की दार कुठं आहे ते आधी बघायचो.

सांगलीत भीतीला कारण लागतं, आणि ते आमच्याकडं तयार असतं. 2005, 2019, 2021 असे तीन पूर आम्ही बघितले. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती, ते तासातासाला मोबाईलवर येतं. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना नाव उलटली. त्यानंतर आभाळ भरून आलं की ज्यांच्या जिवाचं पाणी होतं, त्यांना कुणी का म्हणून विचारत नाही. मला मात्र सगळ्यांनी विचारलं. पुराचं मनावर घेतलंस का? माझं घर नदीपासून लांब, वर गावाकडं. कुणाची देणी आहेत का? पोरीचं काही आहे का? घरात भांडणं आहेत का? प्रत्येकाला नाही म्हणत गेलो, तसा समोरच्याच्या चेहऱ्यावर संशय वाढत गेला, की हा काहीतरी लपवतोय. आत्या म्हणाली, "बाहेरचं बघ बाबा एकदा." अंगारा आला, तो लावला. आत्याचं मन राखायला लावला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. निदान तिनं काहीतरी केलं.

दवाखान्यात काय झालं तेही सांगतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण हे एकट्याचं वागणं नाही. ईसीजी काढला, बरोबर आला. बीपी थोडं वर. गॅसची गोळी दिली. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, घेत नाही, ते आपोआप येतंय. डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दुसऱ्या ठिकाणी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, तीही बरोबर. रिपोर्ट बरोबर आल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. मला प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर जास्त भीती वाटायची, कारण आता दाखवायला काही उरलेलंच नसायचं. मग एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय अर्धी गोळी दिली, "शांत झोप लागेल" म्हणून. लागली. आठवड्याभरानं तीच अर्धी गोळी पुरेना.

ती अल्प्राझोलाम होती, घबराट दाबणारी पण सवय लावणारी गोळी. शेड्यूल एच-1 मधलं औषध. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकलं तर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव असं वेगळ्या रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे. माझं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. औषध दुकानांवर देखरेख करणारं खातं वेगळं आहे, हे मला कळतं. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत आपण सगळे एकाच टेबलाला बसता.

मला वाट दाखवली ती ईसीजी काढणाऱ्या सिस्टरनं. छातीवरचे रबरी फुगे काढून ती कापसानं जेली पुसत होती. वर न बघता, अगदी सहज म्हणाली, "काका, एकदा मानसोपचारवाल्यांना दाखवा. माझ्या आईला असंच व्हायचं. तिथंच बरं वाटलं तिला." कारण विचारलं नाही, आवाज बारीक केला नाही. सर्दीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं पाठवावं, तशा सुरात बोलली. त्या रात्री मी बायकोला सांगितलं की जायचं आहे. तिनं विचारलं, "कुणी बघितलं तर?" मी म्हटलं, बघू दे.

हे "बघू दे" म्हणणं किती अवघड असतं, ते मुंबईत बसून कळायचं नाही. 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू झालं. कर्नाटकातून माणसं उपचाराला मिरजेत येतात. कुणाला मिरजेला नेलं म्हटलं की गाव हळहळतं, डबे पोचवतं, रक्त द्यायला पोरं जातात. मनाच्या डॉक्टरकडं गेला म्हटलं की तेच गाव "येरवड्याला पोचवा" म्हणून हसतं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार मनोरुग्णालयांपलीकडं मानसोपचार म्हणजे काय असतो, हे लोकांनी कधी जवळून बघितलेलंच नाही. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात, दाताच्या आणि डोळ्याच्या खोलीशेजारी, तशीच एक खोली बघितली तर हसणं आपोआप कमी होईल. त्यासाठी जनजागृतीची फेरी काढायची गरज नाही.

मी गेलो. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी टेन्शन विचारलंच नाही. झोप, चहा किती, तंबाखू खाता का, थायरॉइड तपासलं का, वडिलांना असं कधी व्हायचं का, हे विचारलं. वडील गर्दीत जायचे नाहीत, बाजाराला नेहमी आईला पाठवायचे, हे मला तिथं बसल्यावर आठवलं. मग त्यांनी समजावलं. धोका दिसला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. त्याचं संप्रेरक रक्तात सुटतं, काळीज जोरात चालतं, घाम येतो, श्वास वाढतो. पूर नसताना भोंगा वाजावा तसं काही जणांच्यात हे धोका नसतानाच सुरू होतं. कारण सापडलं तर बरंच, पण ते सापडेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. तेवढं ऐकूनच अर्धं ओझं उतरलं. इतके महिने मी कारण शोधून आणायच्या मागं होतो, जणू ते जोडल्याशिवाय अर्ज दाखलच होणार नाही.

रोजची एक गोळी दिली. ती लागू पडायला काही आठवडे लागतात, पहिले दिवस थोडं जास्तच अस्वस्थ वाटेल, सवय लागत नाही, पण मनानं एकदम बंद करायची नाही, हे आधीच सांगितलं. मेडिकलवाल्याची अर्धी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. समुपदेशक ताईंनी जे जे टाळत होतो त्याची यादी करायला लावली आणि सगळ्यात सोपं असेल त्यापासून सुरुवात करायला सांगितलं. एसटीत खिडकीशी बसून एक स्टॉप. मग दोन. आता कोल्हापूरपर्यंत जातो. सगळं गेलेलं नाही, अजूनही पंगतीत दाराजवळचीच जागा धरतो. पण वही लिहिताना पेन निसटत नाही.

आता हे सगळं आपल्या खात्याशी कसं जोडलेलं आहे ते सांगतो.

सरकारची मदत कारणाला चिकटलेली आहे. 2015 साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तो विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत, आत्महत्यांच्या आकड्यावरून. पूर आला की समुपदेशनाची पथकं येतात, परीक्षेच्या दिवसांत हेल्पलाइनच्या जाहिराती येतात. हे हवंच, माझा त्याला विरोध नाही. पण ज्याच्याकडं दाखवायला ना पूर आहे, ना कर्ज, ना नापास झालेलं गुणपत्रक, त्यानं कुठल्या दारात उभं राहायचं?

आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा तपासणी फॉर्म भरतात, हे आपल्याला माहीतच आहे. तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं सगळं विचारतात. त्यात मनाबद्दल दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटतं का. मी दोन्हीला नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. मला कामात रस होता, उदासही वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती कुणी विचारलीच नाही. आणखी दोन ओळी घाला : जीव घाबरा होतो का, आणि काळजी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही असं होतं का. डॉक्टर मंडळी असे दोन प्रश्न वापरतातच, नवीन काही शोधायचं नाही. फॉर्म दिल्लीचा आहे, पण राज्यानं आपल्यापुरती एक पुरवणी जोडायला कोण अडवणार?

कायदा तर आपल्या बाजूनं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 म्हणतं की सेवा माणसाच्या घराजवळ असावी, त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, आणि अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम मोफत मिळावीत. जत तालुक्यातल्या उमदीच्या माणसाला मिरज शंभर किलोमीटरच्या वर पडतं. दर महिन्याला एका गोळीच्या चिठ्ठीसाठी तो एक दिवसाचा रोजगार बुडवणार, एसटीचं भाडं घालणार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागलं की जाणं सोडणार. गोळी एकदम बंद होणार. पुढं काय होतं ते आपल्याच डॉक्टरांना विचारा. आमच्या जिल्ह्यात आणखी एक गंमत आहे. सांगली-मिरजेची मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची, आणि ग्रामीण रुग्णालयं आपली. रुग्णाला खातं कळत नाही. तिथली चिठ्ठी इथं चालली पाहिजे, एवढं दोन्ही खात्यांनी बसून ठरवावं.

तज्ज्ञ कमी आहेत, हे उत्तर येणार हे धरूनच चाललोय. देशात लाख लोकांमागं एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे मीही वाचलंय. म्हणून तर रोज मागत नाही, एक वार मागतो. एक डॉक्टर आठवड्यात चार-पाच तालुके फिरू शकतो. आमच्या व्यापाऱ्यांची माणसं फिरतात तसा. मधल्या दिवसांत तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्यानं तीच गोळी पुढं चालू ठेवायची. आणि ईसीजी बरोबर आल्यावर "टेन्शन घेऊ नका" म्हणून बाहेर काढण्याआधी चार प्रश्न विचारायचे, एवढं प्रशिक्षण त्यांना द्या.

14416 ही टेलिमानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. चांगली आहे. मी गच्चीवर जाऊन फोन लावला होता, कारण दोन खोल्यांच्या घरात खाली बोलायची सोय नव्हती. ताई शांतपणे बोलल्या. पण 108 पोराटोराला पाठ आहे आणि हा नंबर आमच्या यार्डात मी सोडून कुणाला माहीत नव्हता. एसटी स्टँडवर, दूध संकलन केंद्रावर, सोसायटीच्या भिंतीवर तो रंगवा. बोअरवेलच्या जाहिरातीशेजारी जागा असते.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 2015-16 ला जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात अशा साध्या, रोजच्या मानसिक आजारांच्या 100 पैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. ते 12 राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आमचा आकडा त्यात नाहीच. आपण आपला मोजावा, सांगली जिल्ह्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

केसपेपरच्या खिडकीबद्दल मात्र पुन्हा सांगतो, कारण फाईल फिरताना तोच मुद्दा आधी गळणार. खर्च काही नाही. खिडकीवरच्या माणसानं फक्त विभाग विचारावा. "काय होतंय" हे आत डॉक्टर विचारतील, दार लावून.

कळावे,

आपला,
एक दिवाणजी,
मार्केट यार्ड, सांगली.

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, मा. जिल्हाधिकारी, सांगली.