पाऊस वाद्यांतून पडू द्या

महोदय,

मृग लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीत पाऊसगाण्यांचे कार्यक्रम सुरू होतात. मंचावर वाद्यवृंद बसलेला असतो, पाऊस मात्र मोबाइलमधून स्पीकरवर सोडलेला. वाद्यवृंदाचे संयोजन करणारे म्हणून आयोजकांना आणि नव्या संगीतकारांना आमची कळकळीची विनंती आहे, पाऊस वाद्यांकडूनच वाजवून घ्या. ध्वनिमुद्रित सरीत मंद्रापासून तारापर्यंतचा आवाज एकदम भरलेला असतो. त्यात बासरीची फुंकर आणि सतारीची आस दोन्ही गडप होतात.

व्हायोलिनवादकांचे तीन गट करा. गज खाली, तार बोटाने छेडायची. एका गटाने दर ४ मात्रांनी, दुसऱ्याने ५, तिसऱ्याने ७ मात्रांनी एकेक थेंब टाकायचा. तिघे एकदा समेवर भेटले की पुन्हा १४० मात्रांनीच एकत्र येतात, त्यामुळे कानाला ठेका सापडत नाही. सगळ्यांना एकच लय दिली, तर पावसाऐवजी शिवणयंत्र ऐकू येते. पागोळ्या मात्र जवळजवळ ठेक्यातच गळतात; त्या एकट्या चेलोकडे, म्हणजे खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनकडे द्या. सर वाढू लागली की मागच्या ओळीपासून एकेकाने गज उचलावा आणि घोडीजवळ, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ, अगदी हलका, थरथरता चालवावा. गजाच्या काडीने तारेवर टिचक्या मारल्या की पत्र्यावरचा पाऊस उभा राहतो. त्याने चांगल्या गजाचे पॉलिश जाते, तेव्हा वादकांना जुना गज आणायला आधीच सांगा.

गोकाकचा ५२ मीटरांचा धबधबा म्हटला की बहुतेकांचा हात टिंपनीकडे, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्याकडे जातो. टिंपनीला ठरावीक स्वर असतो, कोसळत्या पाण्याला नसतो. टांगलेली झांज मऊ काठ्यांनी घुमवा, पहिला आघात ऐकूच येता कामा नये. खाली चेलोंना सा, कोमल रे, शुद्ध रे असे लगतचे स्वर वाटून द्या. आणि हे सगळे हळू आवाजात. सुरुवातीलाच जोर लावला, तर कान थोड्याच वेळात त्याला सरावतो आणि पुढे चढवायला काही उरत नाही.

टिंपनी राखून ठेवा ती गडगडाटासाठी. बीथोव्हेनच्या १८०८ सालच्या सहाव्या सिंफनीत पाच भाग आहेत, पण टिंपनी वाजते ती फक्त चौथ्या, वादळाच्या भागात. आपल्याकडे ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालपॅड, पहिल्या गाण्यापासून धडधडत असतो; मग वीज कडाडली तरी कुणी दचकत नाही.

चोर्ला घाटातल्या शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ घ्यायची असेल, तर ती बासरीवरच घ्या. ती एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, हार्मोनियमला ते जमत नाही. तिला तालातही बसवू नका. तबला थांबवून मोकळी सोडा.

आयोजकांनी एवढे करावे: निदान दोन तालमी प्रत्यक्ष सभागृहात, माइक लावून द्याव्यात. छेडलेल्या तारेचा थेंब शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हे तिथेच कळते. शिवाय दमट हवेत तबला उतरतो, म्हणून मध्यंतरानंतर वाद्ये पुन्हा सुरात मिळवायला दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात सत्कार नकोत.

— वाद्यवृंद संयोजक, बेळगाव